खजिना शोधा, पण डोके लावून!

मुलांच्या हातात मोबाईल दिसला की आईबापांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या रास्तच आहेत. पण सगळेच खेळ एका माळेचे मणी नसतात. काही खेळ वेळ खातात, तर काही डोक्याला खुराक देतात. या दुसऱ्या जातीचा एक अगदी साधा खेळ आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. जमिनीत पुरलेला खजिना शोधण्याचा हा संगणकावरचा खेळ. त्यात बंदुका नाहीत, मारामारी नाही, झगमगाट नाही. आहे ती शंभर चौकोनांची जमीन आणि त्यात कुठेतरी लपवलेली एक पेटी.

खेळ असा आहे

जमिनीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे १ ते १० आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे १ ते १० असे आकडे आहेत. संगणक मनातल्या मनात दोन आकडे धरतो. तीच पेटीची जागा. खेळणाऱ्याने आपले दोन आकडे सांगायचे, म्हणजे त्या चौकोनात कुदळ मारायची. पेटी लागली तर खेळ जिंकला. नाही लागली तर संगणक फक्त दिशा सांगतो: ईशान्येकडे जा, वायव्येकडे जा, दक्षिणेकडे जा. खणण्याची संधी पाचच वेळा.

पहिल्यांदा खेळणारे मूल मन मानेल तिथे खणते. इथे एक, तिथे एक, आणि पाच संधी कधी संपल्या ते कळतही नाही. मग ते चिडते, पुन्हा बसते आणि विचार करू लागते. खेळाचा खरा फायदा इथून सुरू होतो.

अर्धे करा, पुन्हा अर्धे करा

समजा, पेटी पूर्वेकडे ७ आणि उत्तरेकडे १० या चौकोनात आहे. आपल्याला ते ठाऊक नाही. पहिली कुदळ साधारण मध्यावर मारू: ५, ५. संगणक म्हणतो, ईशान्येकडे जा. म्हणजे दोन्ही आकडे ६ ते १० मधले. शंभर चौकोनांतले पंचवीसच उरले! दुसरी कुदळ या पंचविसांच्या मध्यावर: ८, ८. उत्तर येते, वायव्येकडे जा. आता पहिला आकडा ६ किंवा ७ आणि दुसरा ९ किंवा १०. चार चौकोन उरले. तिसरी कुदळ ६, ९ वर. उत्तर येते, ईशान्येकडे जा. आता एकच जागा शिल्लक: ७, १०. चौथ्या कुदळीला पेटी हातात!

पेटी कुठेही असो, या रीतीने चार संधी पुरतात. पाचवी वरकड. हाच खेळ दिशा न विचारता खेळला तर सरासरी पन्नासएक खड्डे खणावे लागतील. फरक नशिबाचा नाही, रीतीचा आहे.

आम्ही कचेरीत वर्षानुवर्षे हिशेबाच्या वह्या लिहीत आलो आहोत. महिन्याचा ताळा जुळला नाही तर जाणता कारकून पहिल्या तारखेपासून एकेक रक्कम तपासत बसत नाही. आधी पंधरा तारखेपर्यंतची बेरीज पाहतो. चूक पहिल्या पंधरवड्यात की दुसऱ्या, एवढे कळले की निम्मे काम उरकले. शब्दकोशात शब्द शोधतानाही आपण मधलेच पान उघडतो. ही रीत दहा वर्षांचे मूल खेळता खेळता शिकते, आणि कोणी छडी न उगारता शिकते.

हा खेळ आला कुठून?

या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. १९६४ साली डार्टमथ कॉलेजातले जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी बेसिक नावाची सोपी संगणक-भाषा तयार केली. संगणक फक्त शास्त्रज्ञांचा राहू नये, सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे कॅलिफोर्नियात बॉब अल्ब्रेक्ट यांनी पीपल्स कॉम्प्युटर कंपनी सुरू केली. नावात कंपनी असली तरी काम होते सामान्य माणसांपर्यंत आणि मुलांपर्यंत संगणक पोहोचवण्याचे. त्यांच्या ‘हर्कल’ या खेळात पेटीऐवजी एक लाजाळू प्राणी लपलेला असे. जमीन तीच, दहा बाय दहाची. संधीही पाचच.

त्याचा भाऊ शोभेल असा दुसरा खेळ ‘मगवम्प’. यात संगणक दिशा न सांगता अंतर सांगतो. आपण खणले तिथून पेटी पाच घरे दूर आहे असे कळले, तर ती पाच घरांच्या त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेतरी असणार. दुसरीकडे खणून दुसरे वर्तुळ काढायचे. दोन्ही जिथे छेदतात तिथे शोध घ्यायचा. मोबाईलवरचा नकाशा उपग्रहांपासूनची अंतरे मोजून आपली जागा दाखवतो, त्यामागचे तत्त्वही हेच.

हा ‘मगवम्प’ मुळात लिहिला तो पिट्सबर्ग शहरातल्या प्रोजेक्ट सोलो या उपक्रमातील बड व्हॅलेंटी यांच्या विद्यार्थ्यांनी. होय, विद्यार्थ्यांनी! डेव्हिड आल यांच्या १९७८ च्या ‘बेसिक कॉम्प्युटर गेम्स’ या पुस्तकात हे दोन्ही खेळ ओळ न् ओळ छापलेले आहेत. त्या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. मुले पुस्तक समोर ठेवून खेळ स्वतः टंकित करीत, आणि मग त्यात आपले फेरफार करीत.

आपल्या देशात १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ ही योजना काढून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्यांवरही बेसिक चाले. पण त्या शाळा निवडक होत्या, आणि आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक मुलांना संगणकाचे दर्शन नुसते खिडकीतून झाले. आज मोबाईल घराघरांत आला आहे. प्रश्न एवढाच, की आपली मुले त्यावर दुसऱ्यांनी केलेले खेळ खेळणार, की स्वतः खेळ तयार करणार?

हा खेळ तयार करायला वीस-तीस ओळी पुरतात. दोन आकडे गुपचूप धर. खेळणाऱ्याचे आकडे विचार. जुळले तर शाबासकी दे. न जुळल्यास कोणता मोठा, कोणता लहान ते पाहून दिशा सांग. पाच वेळा झाले की थांब. एवढेच! आज यासाठी पायथन ही भाषा फुकट मिळते. अल स्वायगार्ट यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पायथनच्या पुस्तकात समुद्रतळाच्या खजिन्याचा असाच खेळ आहे: तीन पेट्या आणि शोधायला वीस यंत्रे. पुस्तक इंग्रजीत असले तरी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाने वा मुलीने रविवारी दोन तास दिले, तर पाच-दहा मुले सहज तयार होतील.

खजिना आणि भोंदूबाबा

खजिना हा शब्द आपल्याकडे खेळापुरताच नाही. गुप्तधनाच्या नावाने महाराष्ट्रात आजवर अनेक घरे बुडाली. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, मांडूळ साप धनाची जागा दाखवतो, अमावस्येच्या रात्री पूजा घातली की हंडा वर येतो, अशा थापांवर लोकांनी मंगळसूत्रे गहाण टाकली. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात बायका-मुलींचे खून पडले, त्यामागेही गुप्तधनाची हाव होती.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कायद्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मौल्यवान वस्तू शोधण्याच्या निमित्ताने अघोरी कृत्ये करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. डोके आधी तयार व्हावे लागते. खेळातला संगणक आणि भोंदूबाबा यांची तुलना करून पाहा. खेळात कुदळ चुकली तरी हाती काही लागते, कारण प्रत्येक चुकीतून कळते की पेटी कुठे नाही. बाबाच्या खड्ड्यात काही सापडले नाही तर तो म्हणतो, तुमची श्रद्धा कमी पडली, आणखी एक पूजा घाला. त्याच्या चुकीतून आपल्याला काहीच कळत नाही, फक्त पैसे जातात. जे उत्तर पडताळून पाहता येत नाही त्याला पैसा देऊ नये, ही अक्कल या खेळातून मुलाला येते.

पाली त्रिपिटकात खुद्दकपाठामध्ये निधिकण्ड सुत्त आहे. त्याचा विषय पुरलेले धनच. अडीअडचणीसाठी माणूस खोल खड्ड्यात धन पुरतो, पण ते जागेवरून सरकते, चोरीला जाते, नावडते वारस उकरून नेतात. दान, शील आणि संयम यांचा ठेवा मात्र कोणी हिरावू शकत नाही, असे हे सुत्त सांगते.

मोबाईल नसला तरी

शेवटी एक कामाची गोष्ट. हा खेळ कागदावरही खेळता येतो. गणिताच्या चौकटीच्या वहीचे एक पान घ्या. दहा बाय दहा घरे आखा. आईने एक घर मनात धरून चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी डब्याखाली ठेवावी. मुलांनी आळीपाळीने आकडे सांगावेत, आईने दिशा सांगावी. नंतर मुलीने लपवावे आणि वडिलांनी शोधावे. ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे त्यांनाही दिशा आणि दहापर्यंतचे आकडे येतात, तेव्हा लाजू नये. कोणी चौथ्या कुदळीला पेटी काढली, तर ‘कशी काढलीस?’ हे मात्र जरूर विचारा. ‘नशिबाने’ असे उत्तर आले तर डाव पुन्हा मांडा. ‘मी आधी मधोमध खणले’ असे आले, तर पोराच्या पाठीवर थाप द्या.