घाला, छापा आणि दगा

बेसावध माणसावर तुटून पडणे याला मराठीत झडप, धाड, छापा, घाला, दगा असे कितीतरी शब्द आहेत. कोशात ते शेजारी बसतात. बोलण्यात एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. झडप ससाण्याची, तीत भूक असते, वैर नसते. धाड टोळीची, रझाकार गावावर येत ती धाड. छाप्याला योजना लागते आणि बहुधा रात्र. १६६३ साली लाल महालात शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर घातला तो छापा. त्याला दगा म्हणणारा खानाच्या बाजूचा समजावा. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. निजामी राजवटीच्या लेखी तो दरोडा, आम्हा नांदेडकरांच्या लेखी छापा.

घाला बहुधा काळाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून निजलेल्या किल्लारीवर पडला तो घाला. दग्याला मात्र आधी विश्वास हवा. १७०८ मध्ये नांदेडला तंबूत विसावलेल्या गुरू गोविंदसिंगांवर वार झाला तो भेटीच्या मिषाने आलेल्याकडून, असे परंपरा सांगते. म्हणून तो दगा.

आता रात्रपाळी घरी गेल्यावर फाटकाला कुलूप पडते, त्याला काय म्हणावे? कागदोपत्री शब्द ‘टाळेबंदी’. (आम्ही अचानक काम थांबवले, तर ते मात्र ‘वेठीस धरणे’!) अशाच एका फाटकापुढे आम्ही भाषणात ‘पोटावर घाला’ म्हणालो. पुढे बसलेला म्हातारा कामगार उठला. “भाऊ, घाला काळ घालतो. ह्यांनी तर कालच शब्द दिला होता. दगा म्हणा.”

दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात आम्ही तो शब्द बदलला.