किनाऱ्यावरून वाचताना (भाग ६) : वाळूत लपलेलं गुपित

मागच्या भागात आपण किपलिंगच्या ‘किम’पाशी होतो. आगगाडीच्या डब्यात भेटलेला, जिवाच्या भीतीने घायकुतीला आलेला मराठा हेर आणि त्याला राख फासून साधू बनवणारा किम, यांच्याविषयी बरंच बोलणं झालं. आज त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक घेऊ : अर्स्किन चिल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’. हेरकथेचा इतिहास सांगणारा कुणीही हे नाव वगळत नाही. शंभराहून अधिक वर्षं ही कादंबरी छापली जाते आहे, आणि जवळपास तेवढीच वर्षं तिच्यावरून वाचकांचे दोन तट पडलेले आहेत. एकांच्या मते ही साहसकथा अप्रतिम आहे. दुसऱ्यांच्या मते तिच्यात भरती-ओहोटी, होकायंत्र आणि वाळूचे दांडे इतके आहेत की गोष्ट त्यांतच रुतून बसते.

कथा थोडक्यात सांगतो, शेवट मात्र राखून ठेवतो. कॅरुथर्स हा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातला ऐटबाज तरुण. सप्टेंबरात सगळे मित्र सुट्टीवर गेलेले आणि हा लंडनमध्ये एकटा कंटाळलेला. अशात डेव्हिस नावाच्या कॉलेजातल्या जुन्या ओळखीच्या माणसाचं पत्र येतं : बाल्टिक समुद्रात माझ्या बोटीवर ये, बदकांची शिकार करू. कॅरुथर्स भारी कपड्यांची पेटी घेऊन पोचतो आणि पाहतो तर ‘डल्सिबेला’ ही जुन्या लाइफबोटीची बनवलेली, आत ओल धरलेली, सरळ उभंही राहता येऊ नये अशी लहानशी होडी. नोकर नाही, खलाशी नाही. हळूहळू त्याला कळतं की डेव्हिसला बदकांत फारसा रस नाही. त्याला परत जायचं आहे ते जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या फ्रिजियन बेटांकडे. तिथे डॉलमन नावाच्या माणसाने वादळात जवळची वाट दाखवण्याच्या मिषाने त्याला वाळूवर घालून संपवायचा प्रयत्न केला होता. स्वतःला जर्मन म्हणवणारा हा डॉलमन मुळात इंग्रज असावा, असं डेव्हिसचं मन सांगतं. एका हौशी दर्यावर्द्याने पाहू नये असं त्या उथळ पाण्यात आहे तरी काय? पुस्तकभर हाच एक प्रश्न आहे.

या लेखासाठी रत्नागिरीच्या मांडवीतल्या काही जणांना मी हे पुस्तक वाचायला दिलं. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने शंभरेक पानांवर सोडून दिलं. तिचं म्हणणं, एवढ्या पानांत ना खून ना पाठलाग. शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांना दोन मित्रांची गोष्ट म्हणून ते फार आवडलं : एक नीटनेटका, बोलका, शहरी, दुसरा अबोल, गबाळा, पण पाण्यावर राजा. पहिल्याचा तोरा दुसऱ्याच्या सहवासात कसा उतरतो, हे सरांनी मला प्रसंगांसकट सांगितलं. तिसरं मत मला सर्वांत मोलाचं वाटलं. ते मासेमारीत आयुष्य काढलेल्या एका तांडेलकाकांचं. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्यांना मी गोष्ट तोंडी सांगितली आणि पुस्तकातले नकाशे समोर पसरले. डॉलमनने डेव्हिसला वाळूवर नेलं तिथवर आलो, तसा त्यांनी प्रश्न केला : “त्या दिवशी तिथी कुठली होती? उधाण की भांग?”

या प्रश्नात कादंबरीची गुरुकिल्ली आहे. तो सुचला तर कंटाळवाणी वाटणारी पानं कंटाळवाणी राहत नाहीत.

मांडवीच्या जेटीवर फिरायला येणाऱ्याला समुद्र एकच दिसतो. काळसर वाळूची पुळण, उजवीकडे समुद्रात घुसलेला भगवतीचा किल्ला, त्याच्या पायथ्याच्या आडोशाला मिरकरवाड्याचं बंदर. डावीकडे काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. या खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ आणि वाळू हे राजिवड्याच्या मच्छीमारांचं जुनं दुखणं आहे. भरती पुरेशी नसताना बोट आत घ्यायची म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात नदी गाळ आणते, लाटा वाळू लोटतात, आणि पाण्याची वाट गेल्या वर्षी होती तिथेच या वर्षी असेल याचा भरवसा नसतो. छापील नकाशा इथे अर्धाच उपयोगाचा. उरलेला नकाशा माणसांच्या डोक्यात असतो.

भरतीचा हिशोबही असाच डोक्यात. कोकणात जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. कारण साधं आहे : चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ एकमेकींच्या आड येते तेव्हा भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाच्या भरतीला जो वाळूचा दांडा सहज ओलांडता येतो, तोच भांगाच्या दिवसांत बोटीचा तळ धरून ठेवतो.

आता फ्रिजियन किनारा डोळ्यांसमोर आणा. मुख्य भूमीपासून काही मैलांवर लांबट बेटांची रांग, आणि मधला सगळा प्रदेश ओहोटीला उघडा पडणारा. भरतीला समुद्र, ओहोटीला नजर जाईल तिथवर ओली वाळू आणि तिच्यातून नागमोडी गेलेल्या पाण्याच्या वाटा. त्या वाटा कळाव्यात म्हणून कडेने झाडाच्या फांद्या रोवलेल्या. मोठी युद्धनौका इथे शिरूच शकत नाही. म्हणून सगळं नौदलशास्त्र म्हणतं की हा किनारा निरुपयोगी आहे. डेव्हिस म्हणतो, तसं नाही. ज्याला या वाटा ठाऊक आहेत त्याच्यासाठी हा अख्खा किनारा म्हणजे हजार दरवाजे आहेत. नौदलाने नाकारलेला हा गबाळा माणूस दिवसरात्र पाण्याची खोली मोजत, नकाशा दुरुस्त करत का हिंडतो, ते इथे उलगडतं. ज्या पानांवर मोजमाप चाललं आहे त्याच पानांवर हेरगिरीही चालली आहे. या कादंबरीत दोन्ही गोष्टी एकच आहेत. शेवटाकडचा तर्क भरतीच्या वेळेवर उभा आहे, आणि दाट धुक्यात होकायंत्र, घड्याळ आणि पाण्याची खोली एवढ्यांच्या आधाराने वल्हवत मेमर्ट नावाच्या बेटापर्यंत जाण्याचा प्रसंग मला इंग्रजी साहसकथांतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी वाटतो. समोर काहीही दिसत नसताना डेव्हिस आकडे ऐकतो, आकडे सांगतो आणि वल्हं मारत राहतो. बंदुकीची एकही गोळी सुटत नाही, तरी श्वास रोखला जातो.

कादंबरी आली तेव्हा तिचे वाचक फक्त आरामखुर्चीत बसणारे नव्हते. जर्मनी उथळ पाण्यातून ब्रिटनवर चालून येऊ शकेल का, या प्रश्नाने राजकीय वर्तुळात खळबळ झाली. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने कादंबरीतली योजना तपासून ती अव्यवहार्य ठरवली. हेही एक वाचकमतच, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असावं. पण १९१० साली ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी त्याच किनाऱ्यावर टेहळणी करताना पकडले गेले. लाइपझिगला खटला चालला, दोघांना चार वर्षांची कैद झाली आणि १९१३ साली कैसरने त्यांना माफी दिली. ब्रँडनने ही कादंबरी एकाहून अधिक वेळा वाचलेली होती. पुस्तक वाचून माणसं त्यातल्या ठिकाणी खरोखर हेरगिरीला निघाली, असं भाग्य फार थोड्या कादंबऱ्यांच्या वाट्याला आलं असेल.

आपल्या किनाऱ्यावर मात्र ही गोष्ट कादंबरीच्या दीडशे वर्षं आधी घडून गेलेली आहे, आणि तिचा शेवट आपल्या बाजूने झाला नाही. विजयदुर्ग, इंग्रजांच्या कागदांतला घेरिया, तुळाजी आंग्र्यांचं ठाणं. बाहेर त्याचा दरारा असा की तो अजिंक्य समजला जाई. डिसेंबर १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स जहाज घेऊन तिथे गेला तो लढायला नव्हे, पाहायला. त्याने पाण्याची खोली मोजली, तट न्याहाळले आणि मुंबईला कळवलं की मोठी जहाजं किल्ल्याच्या माऱ्याच्या टप्प्यात खुशाल नेता येतील, किल्ला ऐकला होता तितका भक्कम नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य आलं. जमिनीवर पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. आंग्र्यांचं आरमार जळालं आणि दोन दिवसांत विजयदुर्ग पडला. मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडला तो तोफांनी, हे खरं; पण तोफा कुठवर आणता येतील हे आधी दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाने सांगितलं होतं. विजयदुर्गाची ही बाजू आपल्या शाळांत शिकवली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि अलीकडचं म्हणाल तर १९९३. मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर उतरवलं गेलं. मोठ्या बंदरांत पहारे होते. लहान किनारे मोकळे राहिले, आणि ज्यांनी अडवायचं त्यांच्यातले काही सामील झाले. डेव्हिसने १९०३ साली जे सांगितलं होतं त्याची किंमत आपण नव्वद वर्षांनी मोजली.

आता कादंबरीतलं उणं. डॉलमनची मुलगी क्लारा हे पात्र जमलेलं नाही. डेव्हिसचं तिच्यावरचं प्रेम वरून चिकटवल्यासारखं वाटतं. ती समोर आली की लेखकाची लेखणी अवघडते आणि तिला जेवढं माणूसपण मिळायला हवं तेवढं मिळत नाही. ज्या मुलीने पुस्तक अर्ध्यावर सोडलं तिचा दुसरा आक्षेप हाच होता, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. साम्राज्य राखणं हेच जगातलं सर्वांत मोठं कर्तव्य, हा सूरही आज खटकतो.

पण त्या सुराचं पुढे जे झालं ते कादंबरीहून थरारक आहे. चिल्डर्सने स्वतः लहान बोटीतून ही बेटं पालथी घातली होती. बोअर युद्धात तो ब्रिटनकडून लढला होता. पुढे त्याचं मन आयर्लंडच्या स्वातंत्र्याकडे वळलं. जुलै १९१४ मध्ये आपल्या ‘आसगार्ड’ या बोटीतून त्याने आयरिश स्वयंसेवकांसाठी हाउथ बंदरात ९०० बंदुका उतरवल्या. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि हाच माणूस ब्रिटिश नौदलात दाखल होऊन नाताळच्या दिवशी जर्मन किनाऱ्यावरच्या कुक्सहाफेनवर झालेल्या हवाई हल्ल्यात सहभागी झाला, कारण तो किनारा त्याच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. आणि २४ नोव्हेंबर १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धात, स्वतंत्र आयर्लंडच्याच सरकारने त्याला गोळ्या घातल्या. मरण्याआधी त्याने गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांशी हस्तांदोलन केलं. त्याचा मुलगा १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मराठी वाचकाला ही कादंबरी संथ का वाटते, याचंही कारण आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. काळापहाड आणि झुंझार यांनी आपल्याला वेगाची सवय लावली : पहिल्या पानावर प्रसंग, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का. त्या परंपरेचं ऋण मोठं आहे आणि मी ते मानतो. पण सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा लाभलेल्या आपल्या भाषेत खाडी, भरती आणि वाळूचा दांडा हेच रहस्य असलेली हेरकथा सहज आठवू म्हटलं तर आठवत नाही. आरमार आपलं होतं, हेरही आपले होते. हा विषय अजून लेखकाची वाट पाहतो आहे.

ज्यांना वाचायची आहे त्यांना दोन सूचना. नकाशे असलेलीच आवृत्ती घ्या. ते नसतील तर हे पुस्तक अर्धं उरतं. आणि पहिली शंभर पानं सोसा. लेखकाला जाऊन शंभर वर्षं झाली, स्वामित्वहक्क संपलेला आहे, त्यामुळे अनुवाद करायला कुणाची परवानगी लागणार नाही. ज्याला इंग्रजी येतं त्याने तांडेलाला शेजारी बसवून हे काम करावं, म्हणजे त्यातली भरती किनाऱ्याच्या मराठीत चढेल. मिरकरवाडा, राजिवडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरातल्या तरुणाला हे करावंसं वाटलं, तर त्याने जरूर कळवावं. माझ्याकडची नकाशांची प्रत त्याच्यासाठी काढून ठेवली आहे.