कै. भाऊसाहेब हिरे आणि कुळकायदा

कुळकायद्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे. परंतु १९५६ साली त्यास जे निर्णायक रूप आले, ते कोणाच्या कारकीर्दीत, हे तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते. म्हणून कै. भाऊसाहेब सखाराम हिरे यांच्या कार्याचा हा अल्प परिचय आम्ही देत आहो.

भाऊसाहेबांचा जन्म १९०५ साली मालेगाव तालुक्यातील निमगाव येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी मालेगावी वकिली केली, काँग्रेसच्या कार्यास वाहून घेतले व पुढे ते मुंबई राज्याचे महसूलमंत्री झाले.

१९४८ च्या कायद्याने कुळास संरक्षण दिले होते. परंतु जमीन विकत घ्यावयाची तर मागणी कुळानेच करावयाची. ज्याच्या दारी अडीनडीस धान्य मागावयाचे, त्याच्याचविरुद्ध अर्ज करण्यास किती कुळे धजणार? १ ऑगस्ट १९५६ पासून अमलात आलेल्या सुधारणेने ही अडचण ओळखली. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी पात्र कूळ कायद्यानेच खरेदीदार मानले जावे, असे ठरले. सर्वसाधारण कुळासाठी किंमत आकाराच्या २० ते २०० पट या मर्यादेत ठरवून हप्त्यांनी फेडावयाची होती. स्वतः कसू इच्छिणाऱ्या मालकास ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्जाची मुभा होती. विधवा व अज्ञान मालकांसाठी निराळी तरतूद होती.

तथापि ज्याचे नाव दप्तरी नव्हते, त्यास आपले कसणे सिद्ध करणे कठीण गेले. कित्येकांनी भिडेखातर हक्क सोडला. कायदा कितीही चांगला असला, तरी नोंदीवाचून तो पांगळा, हे महसुली दप्तरात उमेद घालविलेल्या आम्हांस पदोपदी दिसले.

१९५६ सालीच द्विभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी भाऊसाहेब उभे राहिले. यशवंतराव चव्हाणांस ३३३ व त्यांस १११ मते पडली. १९६१ साली ते निवर्तले. १९५२ साली त्यांनी स्थापिलेले महात्मा गांधी विद्यामंदिर आजही ज्ञानदान करीत आहे.

वाचकबंधूंनी एक करावे. जमीन कुळहक्काने आली असल्यास ३२-म चे प्रमाणपत्र व त्याचा फेरफार घरी आहे की नाही, हे पाहावे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कलम ४३ चा शेरा असल्यास, प्रमाणपत्रास दहा वर्षे उलटलेल्या जमिनीसाठी २०१४ च्या सुधारणेने आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्रीची वाट मोकळी केली आहे. आजोबांनी मिळविलेला हक्क कागदावाचून नातवाच्या हातून जाऊ नये, एवढीच इच्छा.