पाच रुपयांच्या पुडीत काय असते?

कोरेगाव म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भीमा नदीकाठचे कोरेगाव उभे राहते. आम्ही लिहीत आहोत ते सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या कोरेगावाबद्दल. येथील एका वस्तीत महिलांच्या बैठकीस आम्ही गेलो होतो. बोलता बोलता एका भगिनीने मुलाच्या हातातील पुडीतून एक तिखट नळी काढली व तिला काडी लावली. नळी भुरुभुरु जळू लागली. "बघा दादा, पोरं प्लास्टिक खात्यात!" असे ती म्हणाली आणि सर्वजणी घाबरल्या.

ही भीती खरी नाही. नळी जळते ती पीठ आणि तेल यांमुळे. पापड पेटवला तर तोही जळतो. मका, तांदूळ व डाळीचे पीठ गरम यंत्रातून दाबाने बाहेर काढतात. दाब सुटताच पिठातील ओलाव्याची वाफ होते व ते फुगते. नंतर त्यावर तेल आणि मसाला चढवतात.

मग काळजीचे कारणच नाही काय? आहे, आणि ते पुडीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असते. आम्ही एक रिकामी पुडी मागून घेऊन सर्वांना वाचून दाखवली. ज्या पदार्थाचे वजन अधिक त्याचे नाव आधी, असा नियम आहे. पहिल्या नावांत पीठ आणि पामतेल होते. पुढे मीठ, साखर, कांदा-लसणाची पूड, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल आणि ६२७, ६३१ हे चव वाढवणारे पदार्थ. ६२१ असेल तर ते अजिनोमोटो. हे आकडे म्हणजे विष नव्हे, त्यांना कायद्याने परवानगी आहे. परंतु जिभेला 'आणखी हवे' असे वाटायला लावणे हेच त्यांचे काम. म्हणून एका पुडीवर मूल थांबत नाही.

आता मिठाचा हिशेब. पुडीवर 'मीठ किती' असे नसते, 'सोडियम' असते. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. आमच्या हातातील पुडीवर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम होते, म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. मुलांना त्याहून कमी. भाजी, आमटी, लोणच्यातील मीठ वेगळेच. रक्तदाबाची गोळी आपल्या किती घरांत आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

पैशांचाही हिशेब करू. ५ रुपयांत २० ग्रॅम माल असेल तर किलोला २५० रुपये पडले. तेवढ्यात किलोभराहून अधिक शेंगदाणे येतात. म्हणजे 'स्वस्त' खाऊ गरिबालाच महाग पडतो.

सुटे फरसाण घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. तळून तळून खराब झालेले तेल पुन्हा वापरण्यावर १ जुलै २०१८ पासून कायद्याने मर्यादा आहे. काळे पडलेले, फेस येणारे तेल दिसले तर तेथून घेऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी घेऊ नयेत. शाई अन्नाला लागते.

पालकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार अति मीठ, साखर वा चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकसभेत हा प्रश्न जरूर विचारा.

पहाटे उठून कामावर जाणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही. हातात पाच रुपये ठेवणे तिला सोपे पडते, हे आम्ही जाणतो. पण रविवारी चुरमुरे, डाळवे, शेंगदाणे घरच्या तिखट-मिठात परतून डबा भरून ठेवला तर आठवडा निघतो. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची उसळ आणि भाकरी डब्यात दिली तर मुलाचे पोट भरते.

बैठक संपताना त्याच भगिनीने पुडी हातात घेतली आणि शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीला म्हणाली, "वाच गं, मागं काय लिवलंय." वाचकहो, आपल्या घरातही एवढे झाले तरी पुष्कळ झाले.