वीस दिवसांचें सुतक

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक चमत्कारिक सुतक पाळलें गेलें. जिच्याकरितां तें पाळलें ती मुलगी आमच्या गोत्रांतली नव्हती, आमच्या भाषेंतलीही नव्हती. डेन्मार्क देशांतील एका दूरचित्रवाणी-मालिकेंतील तें एक कल्पित पात्र. तथापि लागोपाठ वीस रात्रीं आमच्या घरची मंडळी जेवणें आटोपून दिवाणखान्यांत जमली, तिच्या आईबापांच्या दुःखाजवळ तासभर बसली आणि फारसें कांहीं न बोलतां निजावयास गेली. नाशिकची थंडी त्या वेळीं ऐन भरांत होती. निफाडकडे द्राक्षबागांतून रात्रीं शेकोट्या पेटत होत्या. आणि पडद्यावर कोपनहेगनचा नोव्हेंबर, जेथें चार वाजतां दिवेलागण होते! गोधड्या पांघरून बसल्यावर आपण कोठल्या गांवीं आहों याचा क्षणभर विसर पडे.

हें खूळ घरांत आणलें तें नातीनें. ती महाविद्यालयांत शिकते. "आजोबा, एकदां पाहाच," असा तिनें लकडा लावला. मीं आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें; पोलिसांच्या कथांत रात्री घालविणें आपल्या वयास शोभेल काय, असा प्रथम संकोच वाटला. तो दोन दिवसांत गळाला. संवाद डॅनिश, खालीं इंग्रजी अक्षरें; तीं नात वाचून दाखवी आणि मी मराठींत वहिनींना सांगें. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. वय ८२, दृष्टि अधू, पण कान तीक्ष्ण. तिसऱ्या रात्रीं त्या म्हणाल्या, "काय हो भाऊजी, एवढ्या थंडींत हीं माणसें घडोघडी ताक काय मागतात?" डॅनिश लोक आभार मानतांना 'ताक' म्हणतात हें सांगितल्यावर हंसतां हंसतां सर्वांची पुरेवाट झाली. वीस रात्रींतला हंसण्याचा प्रसंग तेवढाच. पुढें वहिनी माझ्या भाषांतरासाठीं थांबेनाशा झाल्या. खुर्ची पडद्याजवळ ओढून त्या मुलीच्या आईचा चेहरा निरखीत बसत, आणि रोज एकच गोष्ट विचारीत, "आज तरी जेवली का हो ती?"

मालिकेचें नांव 'फोर्ब्रुडेल्सन', म्हणजे 'गुन्हा'. डेन्मार्कच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेनें ती २००७ सालीं प्रथम दाखविली. २०११ मध्यें बी. बी. सी. नें ती मूळ भाषेंतच इंग्लंडांत दाखविली, आणि परभाषेंतील मालिकांकडे सहसा न वळणारे इंग्रजही तिच्या नादीं लागले. नाना नांवाच्या १९ वर्षांच्या मुलीचा खून होतो. तपासाचा एक दिवस म्हणजे मालिकेचा एक भाग, असे वीस दिवस. सारा लुंड नांवाची पोलीस अधिकारी तपास करते, हें एक सूत्र. त्याच वेळीं शहराच्या महापौरपदाची निवडणूक चालली आहे, हें दुसरें. आणि तिसरें सूत्र मुलीच्या घराचें. बाप लोकांचें घरसामान हलविण्याचा धंदा करणारा, घरांत दोन धाकटे भाऊ. पहिल्याच भागांत कालव्यांतून एक मोटार वर काढतात. बाप तेथें पोंचलेला आहे, त्याच्या हातांतील फोनवर मुलीची आई बोलत आहे. तेथें काय सांपडलें हें तिला कोणी सांगत नाहीं, नवऱ्याच्या आक्रोशावरून तें तिला कळतें. त्या वेळीं आमच्या सूनबाई उठून स्वयंपाकघरांत गेल्या त्या बराच वेळ परत आल्या नाहींत.

इतर कथांत एवढ्यावर त्या घराचें काम संपलें असतें. येथें तें वीसही दिवस चालतें. धाकट्या मुलांना काय सांगावें आणि कसें, हा प्रश्न खुन्याच्या शोधाइतकाच मोठा करून दाखविला आहे. आपल्याकडे मृताच्या घरीं दहा दिवसांचीं कामें शास्त्रानें लावून दिलेलीं असतात. चूल पेटत नाहीं म्हणून शेजारून पिठलें-भात येतो. रडावें केव्हां आणि उठावें केव्हां हेंही जणू ठरलेलें. त्या मुलीची आई रिकाम्या हातांनीं घरांत फिरते, तें पाहून या जुन्या रीतींचा हेतु मला नव्यानें कळला. मधल्या भागांत मुलीच्या एका शिक्षकावर संशय येतो, त्याला जबर मारहाण होते, आणि तो निर्दोष असल्याचें मागाहून उघड होतें. माझा जन्म मास्तरकींत गेल्यामुळें असेल, पण त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

आम्हांला हेरकथा नवी नव्हे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड हे माझ्या बाळपणींचे सोबती. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें. तेथून मी त्या पुस्तिका आणीत असें आणि वडिलांच्या नजरेस पडूं नयेत म्हणून अमरकोशाखालीं लपवीत असें. पुढें मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली. १९९८ सालीं सुरू झालेली 'सी. आय. डी.' तर वीस वर्षें चालली आणि आमच्या चिरंजीवांनीं तिचा एकही भाग चुकविला नाहीं. या सर्वांनीं मला पुष्कळ आनंद दिला, तो मी नाकारीत नाहीं. पण या कथांतील एका तरी मृताचें नांव आठवतें काय, असें मीं परवां स्वतःस विचारलें. एकही आठवेना. तेथें प्रेत हें कुलुप असतें. किल्ली सांपडली कीं कुलपाकडे कोण पाहतो?

डॅनिश कथेंत त्या मुलीचा वध रंगवून दाखविलेला नाहीं. रानांतून जीव घेऊन धांवणारी मुलगी दिसते, बस्स. आपल्या नाट्यशास्त्रानेंही रंगभूमीवर वध वर्ज्य केला आहे. परंतु वधाचा परिणाम दाखविण्यास त्याची आडकाठी नाहीं. भयानक आणि अद्भुत या दोन रसांवर हेरकथा उभी राहते असा माझा समज होता. या लोकांनीं तिच्या तळाशीं करुण रस घातला. सगळे रस मूळच्या करुणाचेच निरनिराळे आकार, असें मानणाऱ्या भवभूतीला ही मालिका पटली असती.

ही रीत त्यांनीं एका दिवसांत मिळविली नाहीं. स्वीडनमध्यें मय शॉवल आणि पेर वालू या जोडप्यानें १९६५ ते १९७५ या काळांत दहा पोलिसी कादंबऱ्या लिहिल्या. मुलांना निजवून रात्रीं दोघें लिहावयास बसत, एक प्रकरण तिनें तर दुसरें त्यानें. खून कोणीं केला यापेक्षां कसल्या समाजांत झाला, हें त्यांना सांगावयाचें होतें. जेथें आईबाप बाळाची गाडी उपाहारगृहाबाहेर निर्धास्त ठेवून आंत कॉफी पितात, अशा त्या प्रदेशाबद्दल हें लिहिलेलें. १९८६ च्या फेब्रुवारींत तर स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीसह चित्रपट पाहून, संगतीला रक्षक न घेतां, पायीं घरीं चालले असतां स्टॉकहोमच्या भर रस्त्यावर मारले गेले.

नातीनें त्यानंतर 'ब्रोन', म्हणजे 'पूल', ही २०११ सालची मालिका लावली. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा पूल २००० सालीं खुला झाला. त्याच्या मध्यावर, दोन देशांच्या अगदीं सीमारेषेवर एक प्रेत सांपडतें. उचलतांना कळतें कीं तीं दोन निरनिराळ्या स्त्रियांचीं अर्धीं शरीरें आहेत. वरचें अर्धें एका स्वीडिश राजकारणी बाईचें. तिच्यासाठीं सगळें पोलीसखातें धांवतें. खालचें अर्धें एका डॅनिश वेश्येचें. ती कित्येक महिन्यांपूर्वींच मेलेली, आणि तिच्या शोधाची कोणी फारशी फिकीर केलेली नाहीं. कायद्यापुढें सगळे सारखे नाहींत, हें मारेकऱ्याला दाखवावयाचें असतें. मारेकरी दुष्ट खरा. पण त्यानें दाखविलेली गोष्ट खोटी म्हणतां येईना.

सुरक्षित घराला अकस्मात् लागलेलें भय म्हणजे काय, हें माझ्या पिढीला मालिकांनीं शिकविण्याची गरज नाहीं. १९७६ सालीं मी मॅट्रिक होऊन व्याकरण शिकण्यासाठीं पुण्यास आत्याकडे राहिलों होतों. सदाशिव पेठेंतला वाडा; दिंडीदरवाजा रात्रीं दहापर्यंत सताड उघडा असे. ऑक्टोबरच्या अखेरीस विजयानगर कॉलनींतील जोशी कुटुंबांतील तिघांचा त्यांच्या घरांतच खून झाला. एका महिन्यानें, १ डिसेंबरच्या रात्रीं, भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यांत पांच माणसें मारलीं गेलीं. त्यानंतर दिवे लागण्यापूर्वींच दिंडीला अडसर पडूं लागला. आत्या रोजच्या दूधवाल्यालाही नांव विचारी आणि आवाज ओळखल्यावांचून कडी काढीत नसे. आठ वाजतां लक्ष्मी रस्त्यावर माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकूं येई, आणि मी धांवत सुटें. पुढील मार्चपर्यंत एकंदर दहा खून झाले. मारेकरी चित्रकलेचे विद्यार्थी निघाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी झाली.

त्या चौघांचीं नांवें मी येथें देत नाहीं; वाचकांपैकीं अनेकांना तीं पाठ असतील. एकानें तुरुंगांत स्वतःची कहाणी लिहिली, तिचें पुस्तक झालें. १९८६ सालीं या प्रकरणावर मराठी चित्रपट निघाला, त्याचें नांव 'माफीचा साक्षीदार', म्हणजे तेंही गुन्हेगारांच्याच सोबत्यावरून.

'पूल' मालिकेच्या तिसऱ्या रात्रीं बोलतां बोलतां मीं त्या दिवसांचा विषय काढला. नात म्हणाली, "हो, ऐकलंय मी. त्या जोशी आणि अभ्यंकरांना फांशी झाली ना?"

मी थक्क झालों. मग ध्यानांत आलें कीं चूक तिची नव्हती. खटल्यास मृतांचें नांव पडलें, आणि पन्नास वर्षें तें नांव मारेकऱ्यांच्या वर्णनालाच चिकटून राहिलें. उठून कपाटांतून मीं एक जाड पुस्तक काढलें आणि तिच्या मांडीवर ठेवलें. संस्कृत व्याकरणांतील पारिभाषिक संज्ञांचा इंग्रजी कोश, बडोद्याहून १९६१ सालीं प्रसिद्ध झालेला. कर्ते, काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. त्या रात्रीं मारले गेलेले ८८ वर्षांचे गृहस्थ ते हेच. वडील वासुदेवशास्त्री यांनीं पतंजलीच्या महाभाष्याचें मराठी भाषांतर केलें, त्याला यांनीं स्वतंत्र प्रस्तावनाखंड जोडला. परिभाषाग्रंथांचा यांनीं केलेला संग्रह भांडारकर संस्थेनें १९६७ सालीं काढला. नोकरींतल्या माझ्या कोशाचीं पानें कोपऱ्यांशीं काळवंडलीं आहेत. वर्गांत जाण्यापूर्वीं एखादी संज्ञा नीट उमगली नाहीं तर मी त्यांना विचारीत असें. कोश उघडणें याला माझा तोच शब्द आहे.

नातीनें मधलेंच एक पान उघडलें आणि 'लोप' शब्दाशीं थांबली. मीं तिला सांगितलें कीं पाणिनीच्या मतें लोप म्हणजे दिसेनासें होणें. प्रत्यय लोपला तरी त्याच्यामुळें होणारें कार्य होतच राहतें. तिनें मान हलविली. मग मुखपृष्ठाशीं परत जाऊन तिनें तें नांव पुन्हां वाचलें, या वेळीं मोठ्यानें, वहिनींना ऐकूं जाईल असें.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनीं विचारलें, "मामंजी, त्या घरांतलीं पांच माणसें कोण कोण?" मीं सांगितलें: शास्त्रीबोवा, त्यांच्या पत्नी, नातू, नात, आणि घरकाम करणाऱ्या एक वृद्ध बाई.

"त्या बाईंच्या घरीं कोण होतं?"

या प्रकरणावर मीं पुष्कळ वाचलें आहे. त्यांत हें वाचल्याचें आठवेना. पडद्यावर 'पूल' मघांपासून थांबवून ठेवलेला होता. तो पुढें चालू करा असें कोणी म्हणालें नाहीं. १९७६ सालचीं वर्तमानपत्रें कोठें पाहावयास मिळतील, असें नातीनें विचारलें; तेव्हां शनिवारीं दोघांनीं सार्वजनिक वाचनालयांत जाऊन चौकशी करावी असें आमचें ठरलें.