श्रेणी संस्थेची, सेविकेची नव्हे

इंग्लंडमध्ये वृद्ध किंवा आजारी प्रौढांना घरी येऊन अंघोळ, जेवण, औषधे यांत मदत करणाऱ्या संस्थांची तपासणी २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन (आरोग्य व देखभाल सेवांचे नियामक मंडळ) करते. सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, गरजेनुसार आणि नीट चालवलेली आहे का, हे पाहून चारपैकी एक श्रेणी दिली जाते. ‘चांगली’ श्रेणी म्हणजे घरी येणाऱ्या सेविकेची हमी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात शाळा तपासणीत शाळा जोखली जाते, प्रत्येक शिक्षकाला गुण मिळत नाहीत, तसेच हे आहे.

मग श्रेणीचा उपयोग काय? गोळी द्यायची राहिली, तर चूक एका सेविकेची असते. पण औषधांच्या तक्त्यातली रिकामी चौकट कोणाच्या लक्षात येते का, हे संस्थेच्या शिस्तीवर ठरते. तपासणी ती शिस्त पाहते. म्हणून श्रेणीबरोबर अहवालाची तारीख आणि तपशीलही वाचावा.