हृदय जपले, पण पाळीचे काय?

देवघराच्या उंबरठ्यावर पाळीचा हिशेब चोख ठेवणारा आमचा समाज, हृदयशस्त्रक्रियेनंतर एखादीची पाळी चाळिशीच्या आतच थांबली तर ती का थांबली, हे विचारीत नाही! अंगाची लाही, रात्रीचा घाम, सारे हृदयाच्याच खाती मांडले जाते. वास्तविक अकाली रजोनिवृत्तीने ईस्ट्रोजेनचे पाठबळ लवकर सुटते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यावर संप्रेरकांच्या गोळ्या परस्पर घेणे मात्र धोक्याचे. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत संयुक्त गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघात व स्तनाचा कर्करोग वाढल्याचे दिसले. त्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या. तरुण रुग्णाचा प्रश्न निराळा. तो हृदयतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळूनच सोडविला पाहिजे. निदान हृदयविभागाच्या केसपेपरवर पाळीचा एक रकाना असावा, अशी आमची मागणी आहे.